शिकाऊ डॉक्टर आणि त्याची लेखणी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या घरांत मुलगा किंवा मुलगी अभ्यासात हुशार निघाली, की वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'डॉक्टर' हाच. दहावीचा निकाल लागतो, सायन्सचा प्रवेश होतो, बारावी होते, 'नीट'ची परीक्षा होते, यादीची वाट पाहण्यात झोप उडते. फीसाठी अम्मीच्या बांगड्या मोडल्या जातात. इतके सगळे होऊन मूल मेडिकल कॉलेजात दाखल झाले, की आपण म्हणतो, आता काळजी मिटली. शिकेल, पदवी घेईल, दवाखान्यावर नावाची पाटी लागेल.

या स्वप्नात आपण एक गोष्ट कधी धरत नाही. डॉक्टरला लिहावेही लागते. औषधाची चिठ्ठी तर तो लिहितोच. पण मी बोलतो आहे ते आपल्याच व्यवसायातील इतर डॉक्टरांनी वाचावे म्हणून केलेल्या लेखनाविषयी. आणि हे लेखन पदवीची, पाटीची वाट पाहत नाही. ते शिकत असतानाच सुरू व्हावे लागते.

मी बी. ए., बी. एड्. झालेला शाळामास्तर. डॉक्टरांविषयी बोलण्याचा याला काय अधिकार, असे कोणाला वाटले तर त्यात गैर नाही. रोग आणि औषधे यांविषयी मी बोलणार नाही. मी बोलणार आहे ते पाहण्याविषयी आणि लिहिण्याविषयी, आणि तो शाळेचाच विषय आहे.

प्रथम, व्यावसायिक नियतकालिक म्हणजे काय ते पाहू. वर्तमानपत्र सर्वांसाठी असते. व्यावसायिक नियतकालिक एकाच धंद्यातील माणसांचे असते. डॉक्टरांच्या नियतकालिकात एक डॉक्टर लिहितो, की माझ्याकडे असा रोगी आला, त्याला ही लक्षणे होती, मी हे उपचार केले आणि त्याचा हा परिणाम झाला. शेकडो कोसांवरचा दुसरा डॉक्टर ते वाचतो आणि त्याच्यासमोर तसाच रोगी आला तर त्याला ते उपयोगी पडते. लंडनचे 'लॅन्सेट' १८२३ पासून निघत आहे. मुंबईत के. ई. एम. रुग्णालय आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ मध्ये सुरू झाले.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या लोणावळ्यातच स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. योगक्रिया करताना शरीरात प्रत्यक्ष काय घडते, हे क्ष-किरण आणि दाब मोजण्याची उपकरणे लावून पाहायचे आणि जे आढळले ते छापायचे, असा त्यांचा परिपाठ होता. योगाने अमुक होते असे नुसते सांगून ते थांबले नाहीत. मोजले, लिहिले आणि जगापुढे तपासायला ठेवले. ज्या गावाचे नाव बाहेर चिक्कीसाठी आणि पावसासाठी घेतले जाते, त्या गावातून शंभर वर्षांपूर्वी शास्त्रीय नियतकालिक निघाले, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. पुढे १९९५ मध्ये आपल्या मावळातच, तळेगाव दाभाडे येथे, 'मायमर' हे मेडिकल कॉलेज सुरू झाले. त्या कॉलेजाचेही स्वतःचे वैद्यकीय नियतकालिक निघू लागले. म्हणजे शिकाऊ डॉक्टर आणि डॉक्टरांचे नियतकालिक, दोन्ही आपल्या तालुक्यात आहेत.

आता कोणी विचारील, की जो अजून शिकतो आहे तो इतरांना काय सांगणार? लिहावे ते प्राध्यापकांनी. हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा घडलेल्या हकिकतींनी देतो.

बर्लिनमध्ये पॉल लांगरहान्स नावाचा एक वैद्यकीय विद्यार्थी होता. पदवीसाठी प्रबंध लिहायचा म्हणून तो सूक्ष्मदर्शकाखाली सशाचे स्वादुपिंड तपासत होता. त्यात त्याला इतर पेशींपेक्षा वेगळ्या दिसणाऱ्या पेशींचे लहान लहान पुंजके आढळले. हे १८६९ साल. त्याला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. या पुंजक्यांचे काम काय, हे त्याला उमगले नाही. पण त्याने तर्काचे इमले बांधले नाहीत. जे दिसले त्याचे नीट वर्णन केले आणि याचा अर्थ मला सांगता येत नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले. पुढे इतरांनी त्या पुंजक्यांना त्याचेच नाव दिले. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि त्यांचा बावीस वर्षांचा विद्यार्थी-मदतनीस बेस्ट यांनी त्याच पुंजक्यांतून स्रवणारे द्रव्य वेगळे काढण्याचे काम हाती घेतले, आणि पुढच्याच वर्षी त्यावरचा लेख वैद्यकीय नियतकालिकात छापला. ते द्रव्य म्हणजे इन्सुलिन. आज आपल्या मोहल्ल्यात असे घर क्वचितच असेल, की जिथे कोणाला साखरेचा आजार नाही. फ्रीजमध्ये ठेवलेल्या इन्सुलिनच्या कुपीमागे 'मला दिसले, पण कळले नाही' असे लिहिणारा एक विद्यार्थी उभा आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरी हकिकत आपल्या महाराष्ट्राची. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र. परदेशी कॉलेजात शिकत असताना त्यांनी विषय निवडला तो आपल्या घरातला, आपल्या बायकांच्या जिवाचा. त्यांचे स्वतःचे मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेले होते, हे आपण जाणतो. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांना दवाखाना चालवता आला नाही. वैद्य म्हणून त्यांच्या हातचे जे काम मागे राहिले ते विद्यार्थिनी असताना लिहिलेला हा प्रबंध होय. पदवीनंतर सवडीने लिहू असे त्यांनी म्हटले असते, तर तेवढेही उरले नसते.

तिसरी हकिकत इजिप्तच्या एका विद्यार्थ्याची. मुहीउद्दीन अत्-ततावी हा तरुण जर्मनीत फ्रायबुर्ग येथे वैद्यक शिकत होता. प्रबंधासाठी त्याने बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयातील एक अरबी हस्तलिखित वाचायला घेतले. तेराव्या शतकातील हकीम इब्न अन्-नफीस यांनी इब्न सीनाच्या ग्रंथातील शरीररचनेवर लिहिलेले ते भाष्य होते. त्यात त्याला आढळले, की हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातून डावीकडे झिरपत नाही, ते फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते, असे इब्न अन्-नफीस यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. युरोपात ही गोष्ट पुस्तकांतून येऊ लागली ती सोळाव्या शतकात. ततावीने १९२४ साली आपल्या प्रबंधात हे मांडले. परंतु तो प्रबंध छापला गेला नाही. कैरोत राहणारे जर्मन नेत्रवैद्य मॅक्स मायरहोफ यांना त्याचे महत्त्व पटले आणि त्यांनी त्यावर नियतकालिकांतून लेख लिहिले, तेव्हा कुठे जगाला ही गोष्ट कळली.

या हकिकतीवरून आपला समाज मोठा होता असे म्हणून छाती फुगवण्याचा मोह होतो. मला तीतून वेगळीच गोष्ट घ्यावीशी वाटते. इब्न अन्-नफीस यांचे म्हणणे सहाशे वर्षांहून अधिक काळ हस्तलिखितात पडून होते. ततावीचा प्रबंधही कपाटातच राहिला असता. शोध लागणे आणि तो इतरांपर्यंत पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे छापले गेले नाही ते दुसऱ्या डॉक्टरच्या हाती लागत नाही, आणि त्याच्या हाती लागले नाही तर रोग्याला त्याचा उपयोग नाही.

चौथी हकिकत घाटाखालची. आपल्यापैकी अनेकांची सोयरीक कोकणात आहे. लाल विंचू काय चीज आहे, ते तिकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात गरिबीत वाढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर एम. बी. बी. एस. झाले आणि १९७६ च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. विंचू चावलेली चांगली धडधाकट माणसे, लहान मुले, डोळ्यांदेखत दगावत होती. तोवर मांत्रिकाचा दोरा आणि दवाखान्याची सुई, दोन्हींची धाव सारखीच होती. या तरुण डॉक्टरने रोग्याच्या खाटेशेजारी बसून नोंदी करायला सुरुवात केली. उलट्या केव्हा झाल्या, दरदरून घाम केव्हा सुटला, हातपाय थंड केव्हा पडले, नाडी आणि रक्तदाब किती, हे सारे त्यांनी टिपले. त्या नोंदींवरून, हे विष हृदयावर आघात करते आणि त्याच्या खुणा आधीच ओळखता येतात, असे त्यांनी मांडले. तो लेख १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. एम. डी. ची पदवी त्यांनी आपल्या पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून घेतली. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर लागू पडते हे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी दाखवून दिले, आणि तोही लेख १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. गंभीर विषबाधा झालेल्या शंभर रोग्यांपैकी पूर्वी तीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण या उपचाराने चारांच्या आत आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बिरवाडीत मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती वही, घड्याळ, रक्तदाब मोजण्याचे यंत्र आणि जागरण करण्याची तयारी. त्या वहीतले महाडमध्येच राहिले असते, तर महाडचे रोगी वाचले असते. ते छापले गेले म्हणून इतर जिल्ह्यांतले आणि इतर देशांतलेही वाचले.

आता शिकाऊ डॉक्टरच का लिहू शकतो, ते पाहा. मोठ्या डॉक्टरला दिवसाला शंभर रोगी पाहायचे असतात. रात्री वॉर्डात जागा असतो तो इंटर्न किंवा निवासी डॉक्टर. रोग्याची पहिली हकिकत तोच विचारतो. दिवसांतून चार वेळा तोच तपासतो. शिवाय तो नवखा असल्यामुळे, जे इतरांना नेहमीचे वाटते त्याचे त्याला नवल वाटते, आणि शोधाची सुरुवात अशा नवलापासूनच होते.

आपल्या मावळचे उदाहरण घ्या. जुलैत आवणी चालू असते, चिखलात पाय असतात आणि सर्पदंशाचे रोगी येतात. एखाद्या शिकाऊ डॉक्टरने ठरवले, की अशा प्रत्येक रोग्याला मी चारच प्रश्न विचारीन : दंश किती वाजता झाला, प्रथम कोठे नेले, वाहन कसे मिळाले आणि इस्पितळात किती वाजता पोहोचला. दोन पावसाळे त्याने ही नोंद ठेवली, तर जीव कोठे आणि का गमावले जातात हे कागदावर उतरेल. त्यावरून रुग्णवाहिका कोठे उभी करावी आणि लस कोणत्या उपकेंद्रात ठेवावी, हे सरकारला सांगता येईल. याला परदेशी यंत्र लागत नाही.

अर्थात मनाला येईल ते लिहून पाठवले आणि छापले, असे तेथे नसते. अभ्यास हाती घेण्यापूर्वी कॉलेजच्या नीतिविषयक समितीची संमती घ्यावी लागते. रोग्याची परवानगी घ्यावी लागते, आणि त्याची ओळख झाकावी लागते. आपल्यासारख्या लहान मुलखात नाव गाळले म्हणजे ओळख झाकली असे होत नाही. 'अमुक वाडीचा साठ वर्षांचा मेंढपाळ' एवढे लिहिले, तरी बाजारात सगळ्यांना कळते तो कोण. रोग्याने आपले दुःख डॉक्टरकडे अमानत म्हणून ठेवलेले असते, ती जपायला हवी. लेख पाठवल्यावर संपादक तो त्या विषयातील जाणकारांकडे देतात. ते चुका काढतात, शंका विचारतात, पुष्कळदा लेख परतही येतो. परत आलेला लेख म्हणजे नापास झालेला विद्यार्थी नव्हे. त्यातले दोष दुरुस्त करून पुन्हा पाठवायचा, हाच त्या शिक्षणाचा मोठा भाग आहे.

मुलांना याची संधी कोठे मिळेल, असे पालक विचारतील. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ पासून एम. बी. बी. एस. च्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधनाची योजना चालवली आहे. विद्यार्थ्याने एखादा लहान प्रश्न निवडायचा, आपल्याच कॉलेजातील प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली दोन महिने काम करायचे आणि अहवाल सादर करायचा. अहवाल मान्य झाला तर प्रमाणपत्र आणि विद्यावेतन मिळते. आपल्या संस्थेचे जे विद्यार्थी मेडिकलला गेले आहेत, त्यांनी आपापल्या कॉलेजात याची चौकशी जरूर करावी.

परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर मी अर्धेच बोललो असे होईल. लेख छापून आला की नोकरीत, बढतीत, पुढच्या प्रवेशात वजन पडते. जेथे वजन आहे तेथे खोटी मापेही येतात. 'पैसे भरा, आठ दिवसांत लेख छापून देतो' असे म्हणणारी नियतकालिके निघाली आहेत. नाव भारदस्त असते, आत तपासणारा कोणी नसतो. कोणी दुसऱ्याचे परिच्छेद उचलतो. कोणी न पाहिलेले रोगी पाहिले म्हणून मोजतो. ज्याने काही केले नाही त्याचे नाव लेखावर चढते, आणि ज्या शिकाऊ मुलीने रात्री जागून नोंदी केल्या तिचे नाव गळते. आता तर संगणकाला विषय सांगितला की तो क्षणात सफाईदार लेख लिहून देतो. भाषा सुधारण्यापुरती त्याची मदत घेणे वेगळे. पण रोग्याच्या मनगटावर बोट ठेवून नाडी संगणकाने मोजलेली नसते. ती मोजली असे लिहिणाऱ्याने स्वतः मोजलेली असली पाहिजे.

हे पाप फक्त नावापुरते राहत नाही, हे नीट समजून घ्या. इतिहासाच्या पेपरात खोटे लिहिले तर दोन गुण जातील. डॉक्टरांच्या नियतकालिकात औषधाचा खोटा आकडा छापला गेला, तर तो वाचून दुसऱ्या गावचा भला डॉक्टर भल्या मनाने ते औषध देईल आणि कोणाचे तरी मूल जाईल.

ही खोटेपणाची सवय मेडिकल कॉलेजात लागते काय? मला तसे वाटत नाही. ती पुष्कळ आधी, आपल्या डोळ्यांसमोर लागते. शाळेत विज्ञानाच्या प्रयोगवहीला आपण 'जर्नल' म्हणतो. डॉक्टरांच्या नियतकालिकालाही इंग्रजीत तेच नाव आहे. आता आमच्या लोणावळ्यातला साधा प्रयोग पाहा. पाणी तापवून उकळबिंदू मोजायचा. पुस्तकात लिहिले आहे १०० अंश सेल्सिअस. पण ते समुद्रसपाटीला. लोणावळे समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंच. येथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळू लागते. तापमापी चांगली असेल तर मुलाला ९८ च दिसणार. आणि तो वहीत काय लिहितो? १००. कारण पुस्तकात १०० आहे, शेजाऱ्याच्या वहीत १०० आहे, आणि १०० लिहिले तर गुण कापले जात नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, जो ९८ पाहतो आणि १०० लिहितो, तो उद्या डॉक्टर झाल्यावर रोग्याच्या बाबतीत काय करील? पुस्तकात आहे तेच त्याला दिसेल. बावस्करांनी पुस्तकात आहे तेच लिहिले असते, तर विंचवाचे रोगी मरतच राहिले असते. ९८ दिसले तर ९८ लिहा. मग विचारा, असे का झाले? हवेच्या दाबाचा अख्खा धडा या एका प्रश्नातून उलगडतो, आणि तो मग जन्मभर विसरत नाही. आणि शिक्षक बांधवांनो, ९८ लिहिणाऱ्याला शाबासकी देणे हे आपले काम आहे. आपण त्याचे गुण कापले, तर पुढे त्याने काही खरे लिहावे ही अपेक्षा करण्याचा हक्क आपण गमावला.

पालकांना माझी तीन गोष्टींची विनंती आहे. एक, मुलाची जर्नल दुसऱ्याकडून पैसे देऊन लिहून घेऊ नका, मग ती दहावीची असो की बारावीची. दुसरी, मूल मराठीत, उर्दूत, ज्या भाषेत त्याचा हात चालतो त्या भाषेत रोज चार ओळी लिहील असे पाहा : आज काय पाहिले, किती वाजता, किती. डॉक्टरांची नियतकालिके बहुतेक इंग्रजीत असतात हे खरे. इंग्रजी पुढे शिकता येते. पाहिलेले सरळ शब्दांत मांडण्याची सवय मात्र लहानपणीच लागते. तिसरी, मुलीला डॉक्टर करताना तिच्या लिहिण्यालाही वेळ द्या. सुट्टीत घरी आली की स्वयंपाक, पाहुणे, लग्नकार्ये यांतच तिचा दिवस जाऊ नये. तिचे टेबल तिला मोकळे ठेवा.

हकीम अर्-राझी यांच्या नोंदींचा प्रचंड संग्रह 'अल्-हावी' हा त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या शिष्यांनी जुळवून तयार केला. गुरूने रोगी पाहिले, टिपून ठेवले. शिष्यांनी ते कागद वाऱ्यावर जाऊ दिले नाहीत. शिकणाऱ्याचा हा मान फार जुना आहे. आपल्या संस्थेतून पुढील वर्षांत जे विद्यार्थी वैद्यकाकडे जातील त्यांनी तो मान चालवावा, आणि त्यांच्यापैकी एखाद्याचा पहिला लेख छापून आला, तर त्याची एक प्रत आपल्या शाळेच्या वाचनालयात ठेवायला आठवणीने पाठवावी. तो लेख आम्हां मास्तरांना पूर्ण कळला नाही तरी चालेल. वर्गात तो हातात धरून दाखवता येईल, आणि मागच्या बाकावरच्या मुलाला हे आपल्यालाही जमेल असे वाटेल.